विटांची मालमोटार

रत्नागिरीहून मुंबई-गोवा महामार्गाकडे जाणारी वाट हातखंब्याच्या तिठ्यावर मिळते. या तिठ्यावर अर्धा तास उभें राहिलें तर कोंकणचा बहुतेक सारा व्यापार डोळ्यांपुढून जातो. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनीं भरलेली मालमोटार येते, बर्फाचें पाणी गाळीत मासळीची येते, आणि चैत्र-वैशाखांत हापूसच्या पेट्यांवर ताडपत्री आवळून वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या मालमोटारींची रांग लागते. चिऱ्यांच्या ओझ्यानें मागचे पाटे कसे सपाट होतात आणि रिकामी गाडी खड्ड्यांतून कशी उडते, हें रत्नागिरीच्या मुलाला कोणीं शिकवावें लागत नाहीं. आणि तरीहि त्याच मुलाच्या हातीं बाजारांतून जी खेळांतली मालमोटार येते तिला चार चाकें आणि एक भडक रंग यांपलीकडे त्या खऱ्या गाडीशीं कांहीं नातें नसतें. ज्याची नजर एवढी तयार आहे त्याला हें नातें आपल्या हातानें जोडतां येईल काय? येतें, आणि त्यासाठीं लागतात त्या खेळांतल्या साध्या विटा.

खेळण्यांत गाडीची प्रतिकृति करण्याच्या दोन रीति पूर्वींपासून आहेत. एक रीति सुताराची. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत असलेली आणि आतां सिंधुदुर्गांत गणली जाणारी सावंतवाडी लांकडी खेळण्यांबद्दल प्रसिद्ध आहे. तेथला कारागीर लांकडाला हवी ती गोलाई देतो. मात्र एकदां कोरलेलें बदलतां येत नाहीं. दुसरी रीति जोडणाराची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें १९०१ सालीं भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांच्या खेळाचें पेटंट घेतलें, तोच पुढें मेकॅनो म्हणून जगभर गेला. त्यांतून सांगाडा उत्तम होई, परंतु अंग उघडें राही. हें अंग भरून काढलें तें प्लास्टिकच्या विटांनीं. इंग्लंडांत हिलरी पेज यानें १९४७ सालीं एकमेकींत बसणाऱ्या विटा बाजारांत आणल्या. त्यांवरून डेन्मार्कमधील बिलुंड गांवच्या लेगो कारखान्यानें १९४९ सालीं आपल्या विटा काढल्या. या कारखान्याचा संस्थापक ओले कर्क क्रिस्तियान्सेन हाहि मुळांत सुतारच. १९३२ पासून तो लांकडाचीं खेळणीं करीत असे. आरंभींच्या विटा आंतून पोकळ असल्यामुळें त्यांची पकड ढिली पडे. १९५८ सालीं विटेच्या पोटांत नळ्या बसविण्याची युक्ति निघाली, आणि तेव्हांपासून वीट विटेला घट्ट धरूं लागली.

या विटेचें सारें सामर्थ्य तिच्या मापांत आहे. वरच्या बाजूस ज्या गोल खुंट्या असतात त्या एकमेकींपासून बरोबर ८ मिलिमीटरांवर असतात. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे ३.२ मिलिमीटर. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या प्रकारांनीं जोडतां येतात, असें गणितज्ञांनीं मोजून काढलें आहे. मात्र जोडतां येणें निराळें आणि टिकणें निराळें. कोंकणांतला गवंडी चिऱ्यांची भिंत रचतांना एका थरांतील सांध्यावर दुसऱ्या थरांतील सांधा येऊं देत नाहीं. तो सांधमोड करतो. मालमोटारीच्या लांब हौद्याला हाच नियम लागू आहे. ज्या मुलाला ही गोष्ट ठाऊक नसते त्याची गाडी उचलतांच मधोमध दुभंगते, आणि त्या एका अनुभवानें त्याला बांधकामाचा पहिला धडा मिळतो.

प्रतिकृति हुबेहूब व्हावी अशी इच्छा असेल तर विटांना हात लावण्याआधीं प्रमाण ठरवावें लागतें; आणि येथेंच नवखा मनुष्य चुकतो. तो केबिनपासून आरंभ करतो, आणि शेवटीं चाकें बसवितांना त्याच्या ध्यानांत येतें कीं तीं एक तर बैलगाडीएवढीं मोठीं दिसतात किंवा बाबागाडीएवढीं लहान. याचें कारण साधें आहे. विटा हव्या तितक्या जोडतां येतात, परंतु रबरी टायर मात्र कारखान्यानें काढलेल्या मोजक्या मापांचेच मिळतात. म्हणून चाक आधीं निवडावें आणि त्यावरून सबंध गाडीचें माप काढावें, हा या कलेचा मूळ नियम होय.

एक उदाहरण घेऊं. खऱ्या मालमोटारीचें चाक टायरसह सुमारें १.०५ मीटर उंच असतें. खेळांतल्या टायरांपैकीं एकाचा व्यास ४९.५ मिलिमीटर आहे. म्हणजे प्रमाण झालें एकास एकवीस. आतां गाडीची रुंदी सुमारें अडीच मीटर. तिला एकवीसांनीं भागलें तर ११९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ नेमक्या पंधरा खुंट्या. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर ४.२ मीटर असेल तर तें २०० मिलिमीटर, म्हणजे पंचवीस खुंट्या होतें. पंधरा ही विषम संख्याहि सोयीची आहे. मधली खुंटी बरोबर मध्यरेषेवर येते, आणि यंत्राकडून मागच्या आंसाकडे जाणारा दांडा तिच्याखालीं सरळ बसवितां येतो.

या हिशेबांतून एक मौजेची गोष्ट निघते. दोन खुंट्यांची छोटी वीट १६ मिलिमीटर लांब असते. एकास एकवीस या प्रमाणांत ती सुमारें तेरा इंचांची होते. चिऱ्याचीं मापें खाणीखाणींस थोडीं बदलतात, पण त्याची लांबी साधारण याच्या आसपासच असते. म्हणजे खेळांतली तांबूस-तपकिरी वीट ही त्या मालमोटारींतला चिराच होऊन बसते! उलट, याच खेळांतलीं चार सेंटिमीटर उंचीचीं प्लास्टिकचीं माणसें मात्र या गाडीवर बसवितां येत नाहींत. साडेपांच फूट उंचीचा चालक या प्रमाणांत आठ सेंटिमीटरांचा पाहिजे.

ज्याला कोंकण रेल्वेवरील दृश्य उभें करावयाचें असेल त्याला वेगळें प्रमाण घ्यावें लागतें. २६ जानेवारी १९९९ पासून या रेल्वेनें कोलाड ते वेर्णा या मार्गावर, रत्नागिरीवरून, भरलेल्या मालमोटारी उघड्या वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. येथें चाकाऐवजीं रूळ प्रमाण ठरवितात. खऱ्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, खेळांतल्या रुळांतील ३७.५, म्हणजे एकास पंचेचाळीस. या हिशेबानें वाघिणीवरची मालमोटार पंधराऐवजीं केवळ सात खुंट्या रुंद होते. गाडी तीच, पण तिच्यांतलें काय ठेवावें आणि काय सोडावें याचा निर्णय पार बदलतो. पंधरा खुंट्यांच्या गाडींत पाट्यांचा एकेक पदर दाखवितां येतो. सात खुंट्यांच्या गाडींत त्या जागीं एक काळी पट्टी पुरते.

सोडण्याची ही कलाच अवघड आहे. प्रत्येक खिळा दाखवूं पाहणाराची गाडी पुष्कळदां खरी वाटत नाहीं. उलट चाकांच्या वरची मोकळी जागा, हौद्याची उंची आणि केबिनचा पुढचा उतार हीं तीन अंगें साधलीं तर खोलीच्या दारांतूनहि गाडी ओळखूं येते. उतार व गोलाई यांसाठीं विटा आडव्या बसविण्याची युक्ति वापरतात. पांच पट्ट्यांची उंची १६ मिलिमीटर, आणि दोन खुंट्यांची रुंदीहि तितकीच. त्यामुळें कुशीवर निजविलेल्या पट्ट्या उभ्या बांधकामांत फट न राहतां बसतात. १९५४ पासून टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांतून डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानें ज्या मालमोटारी निघूं लागल्या त्यांचें फुगीर नाक या युक्तीशिवाय साधणें कठीणच.

रंगांचें दुकान मर्यादित असतें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीस वाळलेल्या पानासारखा तपकिरी रंग व पांढरी कड सांगितली होती. ही छटा विटांत जवळपास मिळते, पण हव्या त्या आकाराची वीट त्या रंगांत मिळेलच असें नाहीं. अशा वेळीं गाडी आधीं संगणकावर बांधून पाहणें शहाणपणाचें. जेम्स जेसिमन यानें १९९५ सालीं यासाठीं एलड्रॉ नांवाची मोफत प्रणाली तयार केली, आणि तिच्याच पायावर पुढील साधनें उभीं राहिलीं. ब्रिकलिंक या २००० सालीं निघालेल्या बाजारांत सुटी वीट रंगवार विकत मिळते. मागच्या फळ्यावरील अक्षरें कागदावर छापून चिकटवितात. खऱ्या गाडीवर दहा सेंटिमीटरांचें असलेलें अक्षर येथें जेमतेम पांच मिलिमीटरांचें होतें. ‘हॉर्न ओके प्लीज’ हीं अक्षरें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं गाड्यांवर लिहिण्यास मनाई केली. कपाटांतल्या गाडीवर मात्र तीं निर्वेध राहतात.

गाड्या सांठविणाऱ्यांनीं कोंकणच्या हवेचा विचार अवश्य करावा. रत्नागिरींत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. विटेला त्याची बाधा नाहीं, परंतु पुठ्ठ्याच्या पेट्यांना बुरशी येते, चिकटविलेले कागद सुटतात, आणि खाऱ्या दमट हवेनें विजेच्या घरांतील धातूचे पत्रे गंजतात. म्हणून विजेरीचे मसाले काढून ठेवावे. विटांचा खरा शत्रु ऊन आहे. खिडकींत ठेवलेली पांढरी गाडी कांहीं वर्षांत पिवळी पडते. धूळ बसल्यास सुट्या विटा कोमट पाण्यांत धुवाव्या. तें ४० अंशांहून अधिक गरम नसावें. आणि संग्रह म्हणजे न उघडलेल्या पेट्यांची उतरंड नव्हे, हेंहि लक्षांत ठेवावें. ज्या गाडीचीं मापें घरांतल्या कोणीं घेतलीं, तिची किंमत बाजारांत कमी असली तरी संग्रहांत अधिक आहे.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असें एखादा वडीलधारा विचारील. किल्ले, देवळें, राजवाडे यांचे नकाशे काढले जातात. मालमोटार मात्र राबते तोंवर राबते आणि मग भंगारांत जाते. एके काळीं कारखान्यांतून नुसती चासी येई, आणि तिच्यावर केबिन व हौदा स्थानिक सुतार-रंगाऱ्यांच्या हातून उभा राही. म्हणून त्या काळच्या दोन गाड्या सारख्या नसत. आतां केबिन कारखान्यांतूनच तयार येऊं लागली आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुनीं वाहनें मोडीत काढण्याचें धोरणहि जाहीर केलें, आणि रस्त्याच्या सुरक्षिततेसाठीं तें योग्यच आहे. परंतु त्या गाडीबरोबर सुतारानें घातलेल्या फळ्यांची जोडणी, फाळक्याची कडी आणि रंगाऱ्याची वेलबुट्टी हींहि जातात, आणि त्यांची नोंद बहुधा कोठेंच नसते.

म्हणून तिठ्यावर चहासाठीं थांबलेली जुनी मालमोटार दिसली, तर मुलानें चालकाची परवानगी घेऊन फूटपट्टी लावावी, फळ्या मोजाव्या, रंग टिपून घ्यावे. मोठ्यांनीं त्याला हंसूं नये. टेपचें दुसरें टोक धरावें. घरीं आल्यावर विटा मिळतील, न मिळतील. आज नाहींत तर पुढें मिळतील. मापें घेण्याची वेळ मात्र गाडी उभी आहे तोंवरच आहे.