बालवर्गांतील वाचनाचा ओनामा

मूळाक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगावा, त्यावरून छडी फिरवावी आणि साऱ्या वर्गानें एका सुरांत त्याचा घोष करावा, हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. तो घोष ऐकून पालक संतुष्ट होतात. परंतु त्याच वर्गांतील एखाद्या मुलापुढें 'मन' हा दोन अक्षरांचा शब्द लिहून ठेविला असतां तें पुष्कळदां 'म मगरीचा, न नळाचा' एवढेंच म्हणून थांबतें. तक्ता पाठ होणें निराळें आणि वाचतां येणें निराळें. हा भेद वेळींच ओळखला नाहीं, तर पुढें दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेंत तेंच मूल मठ्ठ ठरतें, व पुस्तकाची एकदां बसलेली धास्ती सहसा सुटत नाहीं. म्हणून बालवर्गांत वाचन कोणत्या क्रमानें शिकवावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाचन म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेल्या खुणांवरून कानाच्या ओळखीचा शब्द उभा करणें. यास्तव पहिला धडा डोळ्यांचा नव्हे, कानाचा असावा. 'मामा, मांजर, माठ यांच्या आरंभीं कोणता आवाज येतो? वर्गांत तसाच आवाज असलेलें आणखी काय आहे?' असा खेळ रोज थोडा वेळ खेळल्यास, बोललेला शब्द तुकड्यातुकड्यांनीं बनलेला असतो हें मुलाच्या ध्यानीं येतें. हें कळल्यावांचून अक्षर म्हणजे त्यास नुसतें चित्र होय.

आतां अक्षरांकडे वळूं. आपल्या वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणें लाविलेला असून तो मोठा शास्त्रशुद्ध आहे. पण शास्त्राचा क्रम तोच शिकविण्याचा क्रम असें नाहीं. 'ङ' हें अक्षर पांचवें खरें, परंतु तें वाचण्याचा प्रसंग मुलावर क्वचितच येतो. उलट 'ग, म, न' हीं तीन अक्षरें प्रथम घेतलीं, तर त्यांचीं वळणें सोपीं, आणि मन, मग, नमन, गगन असे शब्द त्यांतूनच निघतात. थोडक्या अक्षरांत वाचन घडलें, हा आनंद मुलास पहिल्या आठवड्यांतच मिळूं शकतो. 'म' व 'भ', 'घ' व 'ध' अशीं फसवीं अक्षरें मात्र एकाच दिवशीं शिकवूं नयेत. पहिलें पक्कें झाल्यावर कांहीं दिवसांनीं दुसरें पुढें आणावें.

अक्षर ओळखण्यास हातहि साह्य करितो. आपल्याकडील जुन्या शाळांत धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरवीत. मॉंटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांत बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवितात. दोहोंतील तत्त्व एकच. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें, व अनुताई वाघ यांच्या साह्यानें तें काम खेड्यांतील गरीब मुलांच्या अंगणापर्यंत नेलें. चिंचोके, शंख-शिंपले, पानें-फुलें यांनींहि अक्षर मांडतां येतें; त्यास खर्च लागत नाहीं.

यानंतर जोडणी. 'मन' हें लिहितांना दोन पूर्ण अक्षरें, पण बोलतांना शेवटचा 'अ' गळून 'मन्' असा उच्चार होतो. ही गोष्ट मुलास नियमानें नव्हे, कानानें शिकवावी. शिक्षकानें अक्षरांखालून बोट न थांबवितां फिरवावें, शब्द अखंड उच्चारावा व लगेच त्याचा अर्थ विचारावा. काना येतांच 'नाग', 'मान', 'मामा' हे शब्द हातीं येतात. 'मामा! नाग! नाग!' एवढें फळ्यावर लिहिलें, तरी वर्गांत हंशा पिकतो. आणि जें मूल हंसलें, तें अर्थासह वाचूं लागलें असें खुशाल समजावें.

बाराखडीचा डोंगर एकदम चढूं नये. काना पक्का झाल्यावर एकेक स्वरचिन्ह घ्यावें. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं लिहितात, पण तिचा आवाज मागून येतो. तेथें मूल अडखळलें तर तो बुद्धीचा दोष नव्हे. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एकच, पण उच्चार दोन. तेथेंहि ओळखीचा शब्दच मुलास सांवरून घेतो.

याच्या जोडीला रोज एक गोष्ट वाचून दाखवावी, व ओळीखालून बोट फिरवीत वाचावी. त्यायोगें छापलेल्या ओळींत कांहीं गंमत दडली आहे, ही गोडी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानिला आहे. तेव्हां पांचव्या वर्षीं मूल घडाघडा वाचीत नाहीं म्हणून पालकांनीं कष्टी होऊं नये, आणि शेजारच्या मुलाशीं त्याची तुलना तर मुळींच करूं नये.

आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपैकीं अनेकांच्या घरीं बालवर्गांत जाणारें भावंड असेल. त्याची परीक्षा घेण्याऐवजीं रोज पाव तास त्यास जवळ घेऊन एक गोष्ट वाचून दाखवावी, एवढीच आमची त्यांस विनंति आहे. ज्यास वाचतां येतें, त्याच्याकडून दुसऱ्यास याहून सोपें व याहून टिकाऊ दान दुसरें कोणतें होणार?