बिलातील एक ओळ

रायपुरातील एका मोठ्या हॉटेलात विवाहाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही सहकुटुंब भोजनास गेलो होतो. बिलात ‘सेवाशुल्क १० टक्के’ अशी ओळ होती. सरकारी कागद वाचण्यात ज्याची हयात गेली, त्या मी मुलांदेखत हुज्जत नको म्हणून ते मुकाट्याने भरले!

श्रोतेहो, वस्तू व सेवा कर हा सरकारचा. तो द्यावाच लागतो. स्वतंत्र उपाहारगृह कितीही झगमगीत असो, तेथे तो ५ टक्के. मात्र आदल्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलातील खोलीचे रोजचे भाडे ७,५०० रुपयांवर गेले, तेथील भोजनावर १८ टक्के. सेवाशुल्क हा करच नव्हे. ती मालकाची आकारणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांनुसार ते बिलात परस्पर जोडता येत नाही, दुसऱ्या नावानेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरविल्या. तेव्हा ते वगळण्यास खुशाल सांगावे. न ऐकल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

वाढणाऱ्यास आपखुशीने काही देणे, ही बाब निराळी. त्या रात्री आम्हांस वाढणारा मुलगा दारापर्यंत पोचवावयास आला होता. त्या दहा टक्क्यांतले त्याच्या हाती काय पडते, हे विचारण्याचे मला सुचले नाही.