चंचल मुलांना हवा समंजस आधार

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ पर्यंत तो अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात उत्तरेस कालव्यांच्या पाण्यावर फुललेली ऊसशेती आहे, तर दक्षिणेस अवर्षणाशी झुंजणारी गावे आहेत. परंतु गाव बागायती असो वा जिरायती, तेथील शाळेत एखादे तरी असे मूल असते की, ज्याच्याविषयी घरी व शाळेत एकच तक्रार ऐकू येते : डोके चांगले आहे, पण एका जागी बसेल तर शपथ!

अशा मुलास द्वाड वा आळशी ठरवून मोकळे होणे सोपे असते. वास्तविक त्यांपैकी काही मुलांच्या बाबतीत प्रश्न वळणाचा नसून मेंदूच्या वाढीशी निगडित अशा एका अवस्थेचा असतो. अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे तिचे स्वरूप असून वैद्यकीय परिभाषेत तिला ‘एडीएचडी’ म्हणतात. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडन येथील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. जगभरातील पाहण्यांनुसार शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत ही अवस्था आढळते. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईबापांच्या लाडामुळे वा धाकाच्या अभावामुळे ती उद्भवत नाही.

ओळखावे कसे?

ही लक्षणे तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार अवधानाचा : काम अर्धवट सोडणे, वही-पेन्सिल वारंवार हरवणे, सांगितलेले विसरणे. दुसरा अतिचंचलतेचा : सतत चुळबुळ, वर्गातून उठून जाणे, अखंड बडबड. तिसरा उतावीळपणाचा : प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देणे, खेळात आपली पाळी येईपर्यंत न थांबणे. काही मुलांत, विशेषतः मुलींमध्ये, चंचलता दिसतच नाही. त्या शांतपणे खिडकीबाहेर पाहत बसतात, कोणास त्रास देत नाहीत आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

तथापि, प्रत्येक खोडकर मूल या अवस्थेचे नव्हे. लक्षणे बारा वर्षे वयाच्या आत सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे मुलाच्या अभ्यासात वा वागणुकीत खरोखर अडथळा येत असावा, असा दंडक तज्ज्ञ पाळतात. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, अध्ययन अक्षमता, भीती वा घरातील ताण यांमुळेही मुलाचे लक्ष उडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात. त्यांच्यासोबत जाणारे मूल काही महिन्यांनी शाळेत परतले आणि त्याला धडा समजेना, तर तो खंडित शिक्षणाचा परिणाम असू शकतो. म्हणून निदान शेजाऱ्यांनी वा शिक्षकांनी करावयाचे नसते. शिक्षकांनी निरीक्षणे नोंदवावीत, निर्णय तज्ज्ञांवर सोपवावा.

समुपदेशनाचे कार्य

समुपदेशन म्हणजे मुलाला समोर बसवून केलेला उपदेश नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत त्याचा आरंभ आईवडिलांपासून होतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही मुलाच्या जवळ जाऊन. मोठ्या कामाचे लहान तुकडे करावेत. जेवण, अभ्यास व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. चांगल्या वागणुकीचे कौतुक तेथल्या तेथे करावे, कारण उद्याच्या बक्षिसापर्यंत अशा मुलाचा धीर टिकत नाही. शिक्षकांनी त्यास पुढच्या बाकावर बसवावे आणि फळा पुसणे, वह्या वाटणे अशी हालचालीची कामे द्यावीत. मार हा उपाय तर नाहीच. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे.

थोड्या मोठ्या मुलास समुपदेशक कामाचे नियोजन करण्यास व कृतीपूर्वी क्षणभर थांबण्यास शिकवतो. सतत बोलणी खाऊन “मी वाईटच आहे” अशी त्याची समजूत झालेली असते; ती दूर करणे हे यातील सर्वांत मोलाचे काम होय. ‘तुझ्यामुळेच पोर बिघडले’ हा घरातील ठपका बहुधा आईच्याच वाट्याला येतो. समुपदेशनामुळे तिच्यावरील हा भारही हलका होतो.

ही अवस्था अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही काही अंशी राहते. समुपदेशनाने ती नाहीशी होत नाही, परंतु तिच्यासह शिकणे व जगणे सुकर होते. काही मुलांना औषधांचीही गरज भासते. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत व परस्पर बंद करू नयेत.

सेवा कोठे मिळतात?

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांना एकदा भेट देतात. या तपासणीच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शिक्षकांनी आपली निरीक्षणे डॉक्टरांपुढे अवश्य मांडावीत. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाचा मार्ग खुला आहे. लोणी येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न प्रवरा रुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, सल्ला मिळतो.

निदानास होणारा विलंब मुलाला महागात पडतो. नापास होणे, शाळा सुटणे, लहान वयातच मजुरीला लागणे ही त्याची परिणती असू शकते. हेच मूल वेळीच ओळखले गेले, तर त्याच्या अंगची धडाडी योग्य कामी लागते. त्यासाठी पालकांनी संकोच सोडून पहिले पाऊल उचलावे व शिक्षकांनी त्यांना साथ द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.