जंगलाचा इतिहास कोठे शोधावा?

राजांचा इतिहास ताम्रपटांत सापडतो, लढायांचा बखरींत सापडतो. पण जंगलाचा इतिहास कोठे शोधावा? जंगल स्वतः काही लिहून ठेवीत नाही. ज्यांनी त्याच्याविषयी लिहिले, ते बहुधा तेथे लाकूड मोजावयास, कर बसवावयास किंवा शिकार करावयास आलेले होते. म्हणून हा शोध घेणाऱ्याने प्रत्येक कागद हाती घेताना तो कोणी लिहिला व कशासाठी लिहिला, हे आधी पाहिले पाहिजे.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर होते. एखादा विद्यार्थी त्याच्या स्थापनेचे कागद मुंबईच्या दप्तरात शोधू लागला, तर पहिल्याच पावलाला अडखळेल. कारण १९५५ साली महाराष्ट्र राज्यच अस्तित्वात नव्हते. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा त्या वर्षी त्याच राज्याने केला. आज आपण ज्याला परराज्यातले म्हणतो, ते कान्हाचे उद्यानही त्याच वर्षीचे. एका घरातील ही दोन भावंडे १९५६ च्या प्रांतरचनेने वेगळी झाली, एवढेच.

परंतु जंगल राखण्याची कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याचे मुख्य ठाणे झाले. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली. रुळांखाली घालावयाच्या लाकडी ओंडक्यांसाठी सागवान व साल यांची बेसुमार तोड होऊ लागली, तेव्हा सरकार जागे झाले. १८६४ साली डीट्रिख ब्रँडिस नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी पहिला वनकायदा आला आणि १८७८ साली त्याहून कडक असा दुसरा. ‘राखीव जंगल’ हा शब्द या काळात गावोगाव पोहोचला. राखीव कोणासाठी, हे कायद्याने सांगितले. राखीव कोणापासून, हे गोंडांच्या पाड्यांना अनुभवाने कळले. मोहाची फुले, डिंक, तेंदूची पाने, सरपण, गुरांची चराई यांवर ज्यांचे पोट होते, त्यांना आपल्याच रानात परवानगी मागावी लागली. दयाबुद्धीने नव्हे, तर लाकडाच्या गरजेने हे रक्षण सुरू झाले, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. पण त्यामुळे झाडे वाचली, हेही तितकेच खरे.

याच सुमारास अमेरिकेतही असाच विचार चालू होता. १८७२ साली यलोस्टोन येथे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तिकडे या प्रश्नावर दोन पक्ष पडले. जॉन म्यूर यांचे म्हणणे असे, की अरण्य त्याच्या स्वतःसाठीच राखावे. गिफर्ड पिंचो म्हणत, की जंगल जपून वापरावे, म्हणजे ते पुढच्या पिढ्यांनाही पुरेल. गंमत अशी, की हे पिंचो तरुणपणी, १८८९ साली, निवृत्त होऊन जर्मनीत राहणाऱ्या ब्रँडिस यांनाच भेटले आणि त्यांच्या सल्ल्याने वनशास्त्र शिकले. पुढे ते अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. ब्रह्मदेशातील व हिंदुस्थानातील जंगलांत मिळविलेला अनुभव असा सातासमुद्रांपलीकडे गेला. आपल्याकडील पुस्तके मात्र जंगलरक्षणाचा धडा आपण अमेरिकेकडून घेतला, एवढेच सांगून थांबतात! १९१३ साली योसेमिटीच्या उद्यानातील हेच हेची नावाच्या दरीत धरण बांधण्यास तेथील काँग्रेसने संमती दिली, तेव्हा म्यूर यांचा पक्ष हरला. १९६४ च्या कायद्याने मात्र फार मोठी अरण्ये रस्त्यांपासून व बांधकामांपासून मुक्त ठेवण्यात आली. पण यलोस्टोन ‘निर्मनुष्य’ म्हणून राखले गेले, त्याआधी तेथे मूळ रहिवाशांच्या अनेक जमाती वावरत होत्या. त्यांना तेथून दूर व्हावे लागले. उद्यानाच्या इतिहासात हे प्रकरण पुष्कळ काळ लिहिलेच गेले नव्हते.

ताडोब्याच्या इतिहासातही असे न लिहिलेले भाग आहेत. १८७० सालचे मध्य प्रांताचे गॅझेटियर उघडा. त्यात जमीन, महसूल, पिके आणि जाती यांची माहिती मिळेल. वनखात्याच्या कार्य आयोजना वाचा. कोणत्या विभागात किती झाडे तोडावयाची व किती राखावयाची, ते कळेल. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारतातील डोंगराळ मुलुखावरील पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्यात सातपुड्यातील अरण्याचे वर्णन सुंदर आहे, पण पाहणारा डोळा शिकाऱ्याचा आहे. १९३५ साली ताडोब्यात शिकारीस बंदी झाली, १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्रप्रकल्प झाला. या सर्व तारखा कागदांवर आहेत. गाभ्यातील जामणी, नवेगाव यांसारखी गावे उठून बाहेर वसली. त्यांचे हुकूमही कागदांवर आहेत. ती माणसे कोणती झाडे, कोणते देव मागे ठेवून गेली, हे मात्र त्यांनाच विचारावे लागते, आणि ते सांगू शकणारी वयस्क मंडळी दरवर्षी कमी होत आहेत.

ताडोबा हे नावच पाहा. ते कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याने दिलेले नाही. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला व पुढे देव झाला, असे गोंड लोक सांगतात. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे स्थान आहे आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजाची स्वारी निघाली म्हणजे या खांबांवरून ओवलेला दोर ओढून घंटेने पुढे वर्दी देत, असे म्हणतात. दोर आता नाही, घंटाही नाही. खांब मात्र सागाच्या सावलीत अजून एका ओळीत उभे आहेत.