चळतीचे टोक सोळाच्या पटीत का?

समजा, वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजाच्या एका विद्यार्थिनीने सी भाषेत आज्ञावली लिहिली. ती शाळेतील संगणकावर चालावी आणि मोबाइलवरही चालावी. पण दोन्हींचे प्रोसेसर निराळे आणि त्यांची यंत्रभाषाही निराळी! सी भाषेचे त्या त्या यंत्रभाषेत रूपांतर करतो तो ‘कंपायलर’. त्याच्या अनेक कामांपैकी एक आपण पाहू.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खोल्यांची लांब रांग. एका खोलीत एक बाइट मावतो. खोलीचा क्रमांक हा तिचा पत्ता. समजा, प्रोसेसर एका खेपेत ८ खोल्या वाचतो : ० ते ७, मग ८ ते १५. आठ बाइटांची संख्या ८ व्या पत्त्यापासून ठेवली, तर एका खेपेत हाती येते. ती ५ व्या पत्त्यापासून ठेवली, तर ३ बाइट एका गटात आणि ५ दुसऱ्या गटात पडतात, खेपा दोन! म्हणून संख्या ठरावीक पटीच्या पत्त्यावर ठेवतात. याला ‘संरेखन’ म्हणतात.

आज्ञावलीतील प्रत्येक फलनाला तात्पुरती जागा लागते. ती ‘स्टॅक’मध्ये, म्हणजे चळतीत मिळते. ताटांच्या चळतीप्रमाणे येथेही शेवटी ठेवलेले प्रथम निघते. मात्र ही चळत बहुधा मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे वाढते. म्हणून जागा घ्यायची म्हणजे टोकाच्या पत्त्यातून वजाबाकी करायची.

आता गणित करू. टोक १६०० वर आहे, फलनाला २० बाइट हवेत आणि टोक १६ च्या पटीत राहिले पाहिजे. ६४-बिटी एआरएम प्रोसेसरवर परतीचा पत्ता आधी रजिस्टरमध्ये असतो. तो जपून ठेवायला ८ बाइट धरले, तर २८ झाले. त्यापुढची सोळाची पट ३२. टोक आले १५६८ वर. इंटेलच्या ६४-बिटी प्रोसेसरवर फलनाला हाक मारतानाच परतीचा पत्ता चळतीवर पडतो. टोक १५९२ होते. तेथून फक्त २४ वजा केले, की तेच १५६८! फलन एकच, पण वजाबाकी वेगळी. म्हणून कंपायलरजवळ प्रत्येक प्रोसेसरच्या नियमांचे वर्णन असावे लागते.

चूक झाली तर? इंटेलचा प्रोसेसर बहुतेक वेळा अशी संख्या निमूटपणे वाचतो. पण १६ बाइट एकदम उचलणाऱ्या काही आज्ञा पत्ता पटीत नसला की आज्ञावली थांबवतात. स्पार्क प्रोसेसर तर साध्या संख्येसाठीही अडून बसतो. म्हणजे एका यंत्रावर लपलेली चूक दुसऱ्यावर उघडी पडते.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या महासंगणकांतही प्रोसेसर बदलत गेले. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये स्पार्क होते, २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये पॉवर-४, तर २०१३ च्या ‘परम युवा-२’ मध्ये इंटेलचे. एका यंत्रासाठी लिहिलेली सी भाषेतील आज्ञावली दुसऱ्यावर न्यायची, तर ती नव्या कंपायलरने पुन्हा रूपांतरित करावी लागते. चळतीचा हिशेब तेव्हा तोच नव्याने मांडतो.

करून पाहा : फलनाला ३६ बाइट हवे असतील, तर वरील दोन प्रोसेसरांवर किती वजा करावे लागतील?

(उत्तर : एआरएमवर ४८, इंटेलवर ४०.)