नावाची अडचण आणि पासपोर्टची अट

जवाहरनगरच्या फॅक्टरी कॉलनीत शाळेची हजेरी सुरू झाली की मेश्राम, बडवाईक यांच्या पाठोपाठ मुखर्जी, नायर, यादव अशी नावं ऐकू येतात. देशभरातून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. इथल्या मुलांना कुणाचंच नाव परकं वाटत नाही. म्हणूनच समोरच्या क्वार्टरमधल्या मुलीने एम.ए. इंग्रजी झाल्यावर विचारलं, "काकू, बाहेरच्या शाळांना अर्ज करताना प्राजक्ताऐवजी पॅम लिहू का?", तेव्हा मनाला लागलं. ‘भारतीय नाव दिसलं की अर्ज बाजूला टाकतात,’ असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

यात तथ्य अजिबात नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कॅनडात अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव तोडीस तोड असूनही भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांना मुलाखतीची बोलावणी इंग्रजी नावांपेक्षा बरीच कमी आली. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे. पण ते प्रयोग इतर नोकऱ्यांचे होते. परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्याच्या वाटेत नावाच्याही आधी पासपोर्ट उभा राहतो, आणि पॅम लिहून पासपोर्ट बदलत नाही.

दक्षिण कोरियाचंच बघा. तिथे भाषाशिक्षकाचा ई-2 व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांना मिळतो. म्हणजे प्राजक्ता नावाच्या कॅनेडियन मुलीला तो मिळू शकतो, आणि गोव्याच्या एखाद्या मारिया फर्नांडिसला, नाव कितीही युरोपीय असलं तरी, त्या यादीतून मिळत नाही. यावरून ‘भारतीयांना कोरिया बंदच’ असा समज पसरलाय, तोही अर्धवट आहे. 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात पदवी आणि अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. अर्थात शाळेने जागा काढली तरच तिचा उपयोग.

जपानचा नियम आपल्या मुलांनी नीट वाचावा असा आहे. शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी इंग्रजी मातृभाषाच हवी असं नाही, किमान 12 वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनी शाळा-कॉलेजकडून शिक्षणाच्या माध्यमाचा दाखला आधीच घेऊन ठेवावा. चीनमध्ये भाषाशिक्षकाने तत्त्वतः आपली मातृभाषा शिकवावी असं धोरण आहे, त्यामुळे तिथली वाट अरुंद. आणि आपण ज्यांच्याकडे बघतच नाही त्या आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा आणि मालदीवमधल्या शाळा? तिथे भारतीय शिक्षक कित्येक वर्षं शिकवतायत. नावाचं तिथे कुणाला अप्रूप नाही, बी.एड. आणि अनुभव मात्र विचारतात.

‘आपले उच्चार चालत नाहीत’ हीसुद्धा एक भीती. जन्माने इंग्रजी बोलणाराच चांगला शिक्षक, ही कल्पना भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्येच खोडून काढली. टेसॉल या शिक्षक-संघटनेनेही अशा भेदभावाविरुद्ध 1991 आणि 2006 मध्ये जाहीर भूमिका घेतली. काही जाहिराती अजून तशाच निघतात, म्हणून ती कल्पना खरी ठरत नाही.

नावामुळे होणारा खरा घोटाळा वेगळाच, आणि तो आपल्या घरातल्या फाइलमध्ये असतो. प्राजक्ताची दहावीची मार्कशीट मी हातात घेतली. आपल्या बोर्डाच्या पद्धतीप्रमाणे आडनाव आधी, मग तिचं नाव, शेवटी वडिलांचं: मेश्राम प्राजक्ता विनोद. परक्या माणसाने हे डावीकडून वाचलं की मुलीचं नाव मेश्राम आणि आडनाव विनोद. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात ‘प्राजक्ता विनोद’. डिग्रीवर तर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. एकाच मुलीची तीन नावं झाली. पदवीवर अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी प्रमाणीकरणाचा शिक्का) घेताना किंवा व्हिसाच्या वेळी हीच तफावत नडते. म्हणून अर्जात, बायोडेटात, ईमेलमध्ये पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहावं. विद्यापीठाची चूक असेल तर अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी, आणि हे काम व्हिसाच्या घाईत करायचं नसतं. हाक मारायला सोपं नाव हवंच असेल तर ते मुलाखतीत सांगता येतं, कागदावर नको.

एजंटांबद्दलही सांगायला हवं. ‘नाव बदलून देतो, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करू’ असं म्हणणाऱ्याच्या दारातून उठून यावं. भारत सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी खरी की खोटी, हे ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या दिसतं.

प्राजक्ताने बायोडेटावरचं पॅम खोडलं. दुसऱ्या दिवशी वडिलांच्या स्कूटरवर बसून ती माध्यमाचा दाखला मागायला शाळेत गेली.