रिंगणातला अश्व मोबाइलमध्ये धूसर का येतो? ढगाळ हवेत फोटो टिपण्यासाठी 'हे' लक्षात ठेवा

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूरकडे निघते. वाटेत काटेवाडीला मेंढ्यांचे, तर बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण होते. पताकाधारी, डोईवर तुळस घेतलेल्या महिला, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. हजारो मोबाइल वर जातात. काही मिनिटांत फेऱ्या संपतात आणि घरी जाऊन पाहावे तर फोटोत अश्वाऐवजी धूसर पट्टा! पुढची संधी थेट वर्षाने. असे का होते?

कारण काय?

जून-जुलैत आभाळ भरून येते, सर कोसळते आणि उजेड एकदम उतरतो. अशा वेळी मोबाइल आपोआप शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा अश्व सेकंदाला १० मीटर जातो. शटर १/१२५ सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो ८ सेंटिमीटर सरकतो. खुरे त्याहून वेगात हलतात. १/१००० सेकंदात मात्र तो एकच सेंटिमीटर सरकतो.

तिरंदाजीत हेच गणित आणखी अवघड. सेकंदाला ६० मीटर जाणारा बाण १/१००० सेकंदातही ६ सेंटिमीटर पुढे जातो. म्हणून बाणामागे लागण्यापेक्षा, दोरी पूर्ण ताणून तिरंदाज स्थिरावतो तो क्षण टिपणे सोपे. रिंगणातही जागा आधी हेरणे महत्त्वाचे.

सेटिंग काय ठेवाल?

- प्रो मोडमध्ये शटर १/१००० ठेवा. १/१२५ च्या तुलनेत उजेड आठपट कमी मिळतो, त्यामुळे आयएसओ १०० वरून ८०० करावा लागेल. फोटो थोडा दाणेदार येईल, पण अश्व स्पष्ट दिसेल.
- प्रो मोड नसेल तर बर्स्ट वापरा. दहा-पंधरा फोटोंतून एक निवडा.
- झूम टाळा. बहुतेक मोबाइलमध्ये झूमची लेन्स मुख्य लेन्सपेक्षा कमी उजेड घेते.
- अश्व प्रत्येक फेरीत त्याच वाटेने येतो. पहिल्या फेरीत जागा ठरवा, तिथे बोट दाबून धरून फोकस लॉक करा.
- मागे पांढरे आभाळ असेल तर माणसे काळी पडतात. चेहऱ्यावर टॅप करा, आभाळ कमी घ्या.
- लेन्सवरचा पावसाचा थेंब सुती कापडाने पुसा.

काय टाळाल?

नाइट मोड नको. तो अनेक फोटो एकत्र जोडतो, त्यामुळे धावणाऱ्या अश्वाच्या दोन-तीन सावल्या उमटतात. फ्लॅशचा उजेड लांबवर पोहोचत नाही, उलट अश्व बिचकू शकतो. सेल्फी स्टिक रिंगणात पुढे करू नका आणि फोटोसाठी कडे तोडून आत शिरू नका. भरधाव अश्वाला एकाएकी थांबता येत नाही. तुमच्यासह स्वार आणि शेजारचे वारकरीही जखमी होऊ शकतात.

अश्व हुकला तर?

मोबाइल लगेच खिशात घालू नका. अश्व गेल्यावर वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तेव्हा कुणी धावत नसते, १/१२५ सेकंदही पुरतो. घरी राहिलेल्या आजीला दाखवायला तोच फोटो कदाचित जास्त आवडेल.